बेताच्या प्राप्तीतला कादंबऱ्यांचा संग्रह

मराठी कादंबऱ्यांच्या संग्राहकाला एक अशी सवलत लाभलेली आहे की जी इंग्रजी ग्रंथांच्या संग्राहकाने कितीही पैसा ओतला तरी त्याला मिळणार नाही, आणि ती म्हणजे आपल्याकडे जुन्या ललित पुस्तकांचा म्हणण्यासारखा संघटित बाजारच नाही. लंडनमध्ये एखाद्या नामांकित कादंबरीची प्रथमावृत्ती मूळ वेष्टनासह विक्रीस आली, तर तिचा लिलाव पुकारला जातो, तिची किंमत छापील याद्यांत नोंदली जाते, आणि वेष्टन फाटके असल्यास त्या किमतीत किती घट धरावी याचेही संकेत व्यापाऱ्यांत ठरून गेलेले असतात. आपला पदपथावरचा विक्रेता मात्र कादंबरीचा भाव सांगतो तो तिची जाडी पाहून, पुठ्ठ्याची अवस्था पाहून आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरची उत्सुकता पाहून. आवृत्ती पहिली की अकरावी, हा प्रश्न त्याच्या हिशेबात सहसा येत नाही. ‘घ्या साहेब, शंभराला दोन,’ असे तो म्हणतो तेव्हा त्या दोहोंपैकी एक १९५० च्या सुमाराची आणि दुसरी गेल्या दशकातली असू शकते, आणि त्याला दोन्ही सारख्याच. ज्याच्या खिशात पैसा बेताचा पण आवृत्त्यांची माहिती पक्की आहे, त्याने या परिस्थितीचा फायदा का घेऊ नये?

सोमाटण्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे, कारण त्याची अडचण मला प्रातिनिधिक वाटते. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरचा टोलनाका आणि चौराई देवीचा डोंगर यांच्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या आसपास गेल्या काही वर्षांत मोठाल्या इमारती उठल्या. त्यांतल्या पुष्कळशा कुटुंबांच्या मिळकतीचा मोठा हिस्सा घराच्या कर्जाच्या हप्त्यांत जातो, आणि उरलेल्या शिलकीत पुस्तकांची बाब अगदी शेवटी येते. हाकेच्या अंतरावर जुन्या पुस्तकांचा बाजार नाही. मात्र घोरावाडी आणि बेगडेवाडी ही लोकलची दोन स्थानके जवळ आहेत. लोणावळ्याहून येणारी गाडी धरून शिवाजीनगरला उतरले, की जंगली महाराज रस्त्यावरचे पदपथ, थोडे पुढे अप्पा बळवंत चौक, आणि बुधवारी व रविवारी मंगळवार पेठेत भरणारा जुना बाजार, हे तिन्ही मुलूख पायी हिंडणाऱ्याच्या आटोक्यात येतात. तिकिटाचा खर्च नगण्य, आणि परतीच्या गाडीत घेतलेले पुस्तक चाळायला मिळते ते निराळेच.

परंतु संग्रहाचा आरंभ पुण्यात करण्याचे कारण नाही, तो मावळातच करावा. गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजेच गोनीदा, यांचे दीर्घ वास्तव्य सोमाटण्याशेजारच्या तळेगाव दाभाडे येथे होते, आणि त्यांच्या कादंबऱ्यांपैकी किमान दोन तरी या तालुक्याच्या मातीतून उगवलेल्या आहेत: तुंग किल्ल्याच्या परिसरातली ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि १९५८ ची, मुंबईत हयात घालवून राजमाचीवर परतलेल्या म्हाताऱ्याची ‘माचीवरला बुधा’. ज्या खोऱ्यातून आपण रोज ये-जा करतो त्याचेच पवना धरण होण्यापूर्वीचे रूप धोंडीच्या कथेत वाचायला मिळावे, ही गोष्ट संग्रहाच्या पहिल्या पुस्तकाला पुरेशी योग्यता देणारी आहे. शिवाय व्यावहारिक बाजूही आहे. गोनीदांची पुस्तके पुनःपुन्हा छापली गेली, वेगवेगळ्या प्रकाशकांकडून निघाली, मावळातल्या आणि पुण्यातल्या घरांत ती भरपूर खपली. त्यामुळे घर बदलताना, माळा आवरताना जी पुस्तके रद्दीच्या दुकानात पोहोचतात त्यांत ती हटकून सापडतात. १९८१ च्या अकोला साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेल्या या लेखकाचे पुस्तक वजनावर मिळते, याची खंत जरूर वाटावी, पण खंत करीत दुसऱ्याच्या हाती ते जाऊ देऊ नये.

आता कोणती आवृत्ती ‘आपली’ मानावी हा मुख्य प्रश्न. प्रथमावृत्तीचा मोह मराठीत फारसा सयुक्तिक नाही असे माझे मत आहे. आपल्या पहिल्या आवृत्त्या पुष्कळदा घाईने छापलेल्या, शुद्धिपत्राचे एक पान मागे चिकटवलेल्या आणि हलक्या कागदावरच्या असत. त्याऐवजी ज्या छपाईत ती कादंबरी आपल्याला पुनःपुन्हा वाचावीशी वाटेल, ती आवृत्ती मिळवावी. या निवडीत एक सीमारेषा फार उपयोगी पडते, ती १९६२ ची. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले शुद्धलेखनाचे नियम त्या वर्षी शासनाने मान्य केले आणि अनुच्चारित अनुस्वार छापखान्यांतून हळूहळू हद्दपार झाले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘केलें’ असा मजकूर दिसतो, त्यानंतरच्या पुनर्मुद्रणांत तोच मजकूर बिंदू झाडून टाकलेला असतो. हरिभाऊ आपट्यांची किंवा वामन मल्हार जोश्यांची कादंबरी मूळ लेखनासह वाचली, तर त्या गद्याची चाल निराळी भासते. नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन यांचा भेद डोळ्यांना दिसतो, आणि लांबलचक वाक्यातले अन्वय सुकर होतात. उलट पेंडसे, माडगूळकर यांच्या नंतर जुळवलेल्या आवृत्त्या वाचताना मला तरी काही गमावल्यासारखे वाटत नाही. म्हणून जुन्या पिढीच्या लेखकांसाठी जुनी आवृत्ती आणि स्वातंत्र्योत्तर लेखकांसाठी चांगली छापलेली कोणतीही, असा माझा ठोकताळा आहे.

हरिभाऊंच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० साली त्यांनी सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने निघाली. तिचा विस्तार हप्त्यांच्या हिशेबाने वाढलेला, आणि नंतरच्या काळात प्रकाशकांना तो अवजड वाटू लागला. परिणामी हरिभाऊंच्या कादंबऱ्यांच्या संक्षिप्त आवृत्त्या बाजारात आल्या, आणि ‘संक्षिप्त’ हा शब्द मुखपृष्ठावर नसून आतल्या एखाद्या पानावर बारीक अक्षरात असतो. स्वस्त मिळाली म्हणून आनंदाने घरी आणलेली कादंबरी अर्धीच निघावी, हे टाळायचे तर आधी पृष्ठसंख्या पाहावी. हरिभाऊंची सामाजिक कादंबरी दीडदोनशे पानांत आटोपली असेल, तर कात्री लागलेली आहे असे निःशंक समजावे.

स्वस्त आवृत्त्या कोठून येतात, यामागे कायद्याचाही भाग आहे. १९५७ च्या आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे स्वामित्वहक्क राहत असे, तो काळ १९९२ मध्ये साठ वर्षांचा झाला, आणि त्याची गणना मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून होते. हरिभाऊ १९१९ मध्ये निवर्तले, त्यांचे लेखन केव्हाच सर्वांचे झाले. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, त्यामुळे २०१० अखेर मुदत संपली आणि २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापावी अशी स्थिती आली. आज प्रदर्शनात तिच्या इतक्या निरनिराळ्या आणि इतक्या अल्प किमतीच्या आवृत्त्या दिसतात त्याचे हे कारण. याउलट खांडेकर १९७६ साली गेले म्हणून ‘ययाति’ २०३६ संपेपर्यंत, आणि गोनीदा १९९८ साली गेले म्हणून त्यांची पुस्तके २०५८ संपेपर्यंत हक्कदारांच्या परवानगीवाचून निघू शकत नाहीत. मुक्त झालेल्या ग्रंथांचा स्वस्ताईसाठी उपयोग करणे ही कल्पना जगात जुनी आहे. लंडनच्या डेंट यांनी १९०६ मध्ये ‘एव्हरीमन्स लायब्ररी’ काढली ती शिलिंगाला एक ग्रंथ या दराने, आणि त्या मालेतली पुस्तके बांधणीतही नेटकी होती. आपल्याकडे मुक्त झालेल्या कादंबऱ्या छापणारे पुष्कळ, पण जुन्या प्रतीशी ताडून मुद्रिते तपासणारे थोडे. म्हणून अशी आवृत्ती घेताना मध्यावरची दोन पाने उभ्या उभ्या वाचून पाहावीत. चार ओळींत दोन मुद्रणदोष आढळले, तर स्वस्त असूनही ती महाग पडेल.

जुन्या पुस्तकाची परीक्षा ही या छंदातली सर्वांत रसाळ बाब आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. शीर्षकपृष्ठ शाबूत असेल, तर त्याच्या मागच्या बाजूला आवृत्ती, वर्ष आणि किंमत मिळते. वर्ष शालिवाहन शकाचे असल्यास त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवावेत, म्हणजे शके १८७७ हे १९५५ च्या पाडव्याला सुरू झाले हे कळते. पण शीर्षकपृष्ठ गहाळ झालेली पुस्तके अनेक असतात, आणि तेथेच माहितगाराची सरशी होते. किंमत ‘३ रुपये ८ आणे’ अशी असेल, तर पुस्तक १ एप्रिल १९५७ पूर्वीचे, कारण त्या दिवशी दशमान नाणी चलनात आली; किंमत ‘न. पै.’ मध्ये असेल, तर ते १९५७ ते १९६४ या काळातले, कारण पैशाचा ‘नया’पणा १९६४ मध्ये काढून टाकण्यात आला. प्रकाशकाच्या पत्त्यात ‘पुणे २’ एवढेच असेल, तर पुस्तक बहुधा १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचे, कारण सहा आकडी पिनकोड त्या दिवशी सुरू झाले. १८६७ च्या छापखान्यांविषयीच्या कायद्याने मुद्रकाचे नाव व ठिकाण छापणे बंधनकारक होते, म्हणून सर्वारंभी किंवा अखेरच्या पानाच्या तळाशी ‘अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले’ ही ओळ बहुधा सापडते. बिंदू, आणे आणि छापखान्याची ओळ या तिहींची सांगड घातली, की निनावी झालेल्या पुस्तकाचा जन्मकाल चारपाच वर्षांच्या फरकाने निश्चित करता येतो. अनुस्वारांवर मात्र एकट्या विसंबू नये. काही प्रकाशक १९६२ च्या आधीच बिंदू टाकून मोकळे झाले होते, तर काही त्यानंतरही जुने खिळे तसेच चालवीत होते.

पानांची मोजणी करण्याचीही एक युक्ती आहे. जुनी मराठी पुस्तके बहुधा सोळा पृष्ठांच्या फर्म्यांनी छापली जात, आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात पुस्तकाच्या नावाचे आद्याक्षर आणि फर्म्याचा अनुक्रम घातलेला असे, म्हणजे बांधणाऱ्याचा घोळ होऊ नये. दुसरा फर्मा सतराव्या पानावर सुरू होतो, तिसरा तेहेतिसाव्या, चौथा एकोणपन्नासाव्या. तेवढीच पाने अंगठ्याने उलटीत तळाचे आकडे क्रमाने आहेत असे पाहिले, की तीनशे पानांचे पुस्तक मिनिटभरात तपासून होते. एखादा फर्माच नसणे, दोनदा बांधलेला असणे, किंवा शेवटचा अर्धा फर्मा गळून कादंबरीचा शेवट हरवलेला असणे, हे प्रकार रद्दीत फार आढळतात. शेवट नसलेली कादंबरी कितीही जुनी असली, तरी ती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रंथालयाचा शिक्का असलेल्या पुस्तकांविषयी दोन शब्द. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर गावोगावच्या वाचनालयांत दप्तर नीट राखले जाऊ लागले. प्रत्येक पुस्तकावर दाखल क्रमांक असतो, आणि जीर्ण पुस्तक रीतसर बाद केले, तर त्यावर तसा शेरा किंवा शिक्का असणे अपेक्षित असते. तो असेल, तर पुस्तक निःसंकोच घ्यावे. नसेल, तर ते कोणीतरी परत न केलेले असण्याचा संभव आहे, आणि वाचनालय माहितीतले असल्यास त्यांना विचारणे हाच मार्ग. बाद झालेल्या प्रती स्वस्त असतात, कारण वाचनालयाचा बांधणीवाला मूळ मुखपृष्ठ फेकून जाड पुठ्ठा आणि कापड चढवतो, आणि कडा सारख्या करण्यासाठी समास निर्दयपणे कापतो. जिच्यावर दीनानाथ दलालांचे चित्र होते ती प्रत अशी बोडकी झालेली पाहून वाईट वाटते. परंतु वाचायला ती खंबीर असते, आणि मुखपृष्ठाच्या हौसेसाठी दुसरी प्रत सावकाश शोधता येते. मुखपृष्ठांचा शौक असणाऱ्याने, गंभीर कादंबऱ्यांपुरते न थांबता, रघुवीर मुळगावकरांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांसाठी केलेली चित्रेही पाहावीत; त्या पुस्तिका अभिजात नव्हेत, पण त्यांचे रंग मात्र विसरता येत नाहीत.

नवी पुस्तके घेण्याला माझी हरकत नाही, उलट काही बाबतींत तोच किफायतशीर मार्ग आहे. ‘बनगरवाडी’ सारखी छोटी कादंबरी मौज प्रकाशनाच्या नीटस छपाईत नवीच घ्यावी. जुनी शोधण्यात जो प्रवासखर्च होईल तो वाचेल. प्रकाशनपूर्व सवलत, दिवाळीच्या सुमाराची सूट, साहित्य संमेलनाचे ग्रंथदालन (२०१६ चे संमेलन तर पिंपरीला, म्हणजे सोमाटणेकरांच्या दारातच भरले होते) आणि अलीकडे डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयात भरू लागलेला पुणे पुस्तक महोत्सव, या सर्व संधींसाठी वर्षभर थोडी शिल्लक बाजूला ठेवावी. समजा महिन्याला पाचशे रुपये पुस्तकांकडे वळवता येतात. त्यांतले तीनशे जुन्या बाजारासाठी आणि दोनशे या वार्षिक खरेदीसाठी, अशी तजवीज केली, तर वर्षाकाठी पंचवीस-तीस पुस्तके सहज जमतात, आणि घरात कोणाला तक्रारीला जागा राहत नाही. टपालाने पुस्तके मागवणाऱ्यांची मात्र थोडी अडचण झाली आहे. नोंदणीकृत बुक पोस्टची स्वस्त सोय टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली, त्यामुळे शंभर रुपयांच्या पुस्तकाला तितकाच हशील पडण्याची वेळ येऊ शकते. परगावच्या विक्रेत्याकडून घ्यायचे असेल, तर एकदम पाचसहा पुस्तके घ्यावीत.

मावळातल्या संग्राहकाचा खरा शत्रू पाऊस. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो; सोमाटण्यापर्यंत येईतो त्याचा जोर पुष्कळ ओसरतो, तरी जुलै-ऑगस्टात हवेतली ओल सुटत नाही, आणि बुरशी व कसर यांना ती मानवते. पुस्तकांचे कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नये, मागे चार बोटे मोकळी जागा ठेवावी, पुस्तके खच्चून भरू नयेत. वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला हा जुना उपाय अजून वापरण्यासारखा आहे. पावसाळा संपल्यावर पुस्तके उन्हात पसरण्याची आपली रीत मात्र सोडून द्यावी. जुन्या कागदात लाकडाचा लगदा आणि तुरटी असल्यामुळे तो आधीच आम्ल झालेला असतो, आणि कडक ऊन त्याला अधिकच पिवळा व ठिसूळ करते. सावलीत, वाऱ्यावर उभी उघडून ठेवली, म्हणजे पुरे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे हा तर गुन्हाच समजावा: काही वर्षांत पट्टी गळते आणि तिचा तपकिरी डाग कायमचा राहतो. त्याऐवजी पातळ कागदाची पट्टी आणि खळ वापरावी. जुने बांधणीवाले खळीत चिमूटभर मोरचूद टाकीत, म्हणजे तिला कीड लागत नसे.

खरेदीची एक वही ठेवावी, आणि ती जमाखर्चाच्या वहीसारखी काटेकोर असावी: पुस्तक, आवृत्ती, छापखाना, किंमत, कोठे मिळाले, काय उणे आहे. ‘तुंबाडचे खोत’ १९८७ मध्ये दोन खंडांत निघाली. जुन्या बाजारात तिचा एखादाच खंड हाती येतो, आणि कोणता आपल्याकडे आहे ते वहीत पाहिल्याशिवाय आठवत नाही, म्हणून दुसऱ्यांदा तोच घेऊन येणारे लोक मी पाहिलेले आहेत. एकटा खंड घ्यावा काय, असे विचारतात. वाजवी भावात असेल, तर घ्यावा, कारण जोडीचा खंड पुढेमागे मिळतो. मात्र दोन्ही खंड एकाच छपाईचे असावेत हा आग्रह सोडून द्यावा लागतो. चांगली प्रत मिळाल्यावर आधीची काढून टाकताना ती रद्दीत न देता गावातल्या शाळेकडे द्यावी. शाळा देणगीची पुस्तके दाखल करून घेतात, पण देण्यापूर्वी ते सोळा-सोळा पानांचे आकडे पुन्हा एकदा तपासून घ्यावेत, आणि सुटा खंड कोणालाही देऊ नये.